सरकार घरी कोण पाठवतं? संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतीतला खरा फरक

मागच्या व्याख्यानानंतर श्रोत्यांचे जे प्रश्न आले, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता. शब्द वेगवेगळे, पण आशय एकच. "आमदारांची फोडाफोडी, हॉटेलांतले मुक्काम, रातोरात बदलणारे पाठिंबे, हे सगळं पाहून वीट आलाय. त्यापेक्षा अमेरिकेसारखा एक अध्यक्ष थेट निवडून द्यावा, पाच वर्षं त्याला काम करू द्यावं. काय बिघडेल?" हा प्रश्न आपण आज मनापासून घेऊ. तो वैतागातून आलेला असला, तरी चुकीचा नाही.

वॉशिंग्टनला जायच्या आधी मात्र आपण जरा गावाकडे जाऊ. कारण अध्यक्षीय पद्धतीचा एक छोटा प्रयोग महाराष्ट्रानं आपल्या ग्रामपंचायतींतच करून पाहिलेला आहे, आणि आपल्या ते फारसं लक्षात आलेलं नाही.

पूर्वी गावात काय व्हायचं? वॉर्डावॉर्डातून सदस्य निवडून यायचे आणि ते आपल्यातून एकाला सरपंच करायचे. २०१७ मध्ये कायदा बदलला : सरपंच थेट गावानं निवडायचा. २०२० मध्ये, सरकार बदलल्यावर, तो नियम रद्द झाला. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं, पुन्हा थेट सरपंच आला. पाच वर्षांत तीन वेळा उलटसुलट! प्रत्येक वेळी कारण लोकशाहीचंच सांगितलं गेलं. राजकीय हिशेब अर्थातच होते, पण ते बाजूला ठेवू. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात खरोखरच दम आहे, आणि आज आपल्याला त्याच्याशी काम आहे.

सात सदस्यांची एक ग्रामपंचायत डोळ्यांसमोर आणा. जुन्या पद्धतीत ज्याच्याकडे चार, त्याचा सरपंच. मग तो चौथा सदस्य भाव खाणार. निवडीच्या आधी सदस्यांची 'सहल' निघणार, ती कधी महाबळेश्वरला, कधी गोव्याला, आणि थेट निवडीच्या दिवशीच गाड्या गावात शिरणार. सरपंच झाल्यावरही डोक्यावर टांगती तलवार : कधी अविश्वास ठराव येईल सांगता येत नाही. थेट सरपंचाच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, हे सगळं बंद होईल. आणि बऱ्याच अंशी होतंही.

आता दुसरी बाजू बघा. सरपंच थेट निवडून आला एका पॅनेलचा आणि सातपैकी पाच सदस्य आले दुसऱ्या पॅनेलचे. असं सहज होतं, कारण सरपंचाला मत देताना माणूस वेगळा विचार करतो आणि वॉर्डात मत देताना भावकी, शेजार, आळी बघतो. मासिक सभा भरते. सरपंच म्हणतो, आधी पाण्याची टाकी. सदस्य म्हणतात, आधी आमच्या आळीतलं गटार. ठराव नामंजूर. पुढच्या महिन्यात तेच. सरपंच म्हणतो, "मला अख्ख्या गावानं निवडून दिलंय." सदस्य म्हणतात, "आम्हाला काय शेजारच्या गावानं दिलंय?" गंमत अशी, की दोघंही खरं बोलतायत. दोघांनाही लोकांनीच निवडलंय, आणि दोघांपैकी कोणाचं लोकमत वरचढ हे ठरवायला कुठलंही माप नाही. सरपंचाला हटवायचं तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदानानं शिक्कामोर्तब. म्हणजे पाचांनी भागत नाही, सहा हवेत, आणि सहा मिळाले तरी पुढे गाव आहेच.

एवढं चित्र लक्षात ठेवा. पुढे जे चिली, श्रीलंका वगैरे येणार आहे, ते या मासिक सभेचंच मोठं रूप आहे.

शाळेच्या नागरिकशास्त्रात आपण एक तक्ता पाठ केलेला असतो. एकीकडे नामधारी प्रमुख आणि खरा प्रमुख वेगळे, दुसरीकडे दोन्ही एकच, वगैरे वगैरे. तो तक्ता चुकीचा नाही, पण त्यातला एक मुद्दा सोडला तर बाकीचे तपशिलाचे आहेत. तो एक मुद्दा असा : सरकारनं गुन्हा केलेला नाही, घटना मोडलेली नाही, केवळ आमचा आता यांच्यावर विश्वास उरला नाही, एवढ्याच कारणावरून निवडून आलेलं सभागृह सरकारला घरी पाठवू शकतं का? पाठवू शकत असेल तर पद्धत संसदीय. शकत नसेल, ठरलेली मुदत पुरी होईपर्यंत थांबावंच लागत असेल, तर अध्यक्षीय. प्रमुखाला राष्ट्रपती म्हणतात की पंतप्रधान, त्याचा अधिकार जास्त की कमी, हे त्यानंतरचे प्रश्न. फ्रान्ससारखे मिश्र प्रकारही आहेत, पण त्यांना आज हात लावत नाही, नाहीतर दिवस तिथेच मावळेल.

हा मुद्दा आमच्या पदरचा नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला, त्या भाषणात त्यांनी याची फार स्वच्छ मांडणी केली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. लोकशाहीतल्या कार्यकारी मंडळाकडून दोन अपेक्षा असतात : ते स्थिर असावं आणि ते जबाबदार असावं. दोन्ही गुण सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते, ब्रिटिश पद्धत जबाबदारी जास्त देते. अमेरिकेत सरकारची परीक्षा ठरावीक मुदतीनं होते. ब्रिटिश पद्धतीत ती मुदतीनंही होते आणि रोजही होते : प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अविश्वास प्रस्ताव, अभिभाषणावरची चर्चा. आणि भारतासारख्या देशात ही रोजची परीक्षा अधिक आवश्यक आहे, म्हणून मसुद्यानं स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं.

झुकतं माप. म्हणजे दुसऱ्या पारड्यात काहीतरी कमी पडणार, हे आंबेडकरांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. संविधान सभेत प्रा. के. टी. शहा यांनी सत्तेच्या विभाजनाची, अमेरिकी धर्तीची बाजू हिरिरीनं मांडली, ती मान्य झाली नाही. पुढे आणीबाणीच्या काळात स्वर्णसिंग समितीनं १९७६ मध्ये संसदीय पद्धतच ठेवावी असं सांगितलं. ऐंशीच्या दशकात आपल्या विदर्भातले वसंत साठे काँग्रेसमध्ये असूनही अध्यक्षीय पद्धतीचा उघड पुरस्कार करत होते, अलीकडे शशी थरूर करतात. तेव्हा हा प्रश्न विचारणारे आपले श्रोते चांगल्या संगतीत आहेत.

आता रोजची परीक्षा म्हणजे प्रत्यक्षात काय, ते बघू. मे १९४०. ब्रिटन युद्धात आहे, नॉर्वेची मोहीम फसली आहे. पंतप्रधान चेंबरलेन. ७ आणि ८ मे असे दोन दिवस कॉमन्स सभागृहात चर्चा झाली. त्यांच्या सरकारचं नेहमीचं बहुमत दोनशेच्या वर. मतदान झालं : २८१ विरुद्ध २००. सरकार ८१ मतांनी जिंकलं! पण स्वतःच्याच पक्षाच्या अनेक खासदारांनी विरोधात मत दिलं, आणखी कित्येक मतदानापासून दूर राहिले. याचा अर्थ चेंबरलेनना कळला. १० मे रोजी चर्चिल पंतप्रधान झाले. त्याच दिवशी जर्मन फौजा हॉलंड-बेल्जियममध्ये घुसल्या. देश जीवनमरणाच्या लढाईत असताना प्रमुख बदलला, आणि त्यासाठी चर्चेच्या सुरुवातीपासून धरले तर चार दिवस लागले.

याच्या शेजारी रिचर्ड निक्सन ठेवून बघा. वॉटरगेटची चोरी १७ जून १९७२ची. निक्सन पायउतार झाले ९ ऑगस्ट १९७४ला. दोन वर्षांहून अधिक काळ. मधल्या काळात चौकशी समित्या, ध्वनिफितींचं भांडण, सर्वोच्च न्यायालयाचा एकमुखी निकाल, आणि देशाचा निम्मा जीव त्यातच गुंतलेला. कारण तिथे 'विश्वास उरला नाही' एवढं पुरत नाही, आरोप सिद्ध करावा लागतो. महाभियोग आणि अविश्वास ठराव यांत आपल्याकडे वर्तमानपत्रंसुद्धा गल्लत करतात. महाभियोग हा खटला आहे. आजवर अमेरिकेत तीन अध्यक्षांवर मिळून चार महाभियोग झाले : अँड्रयू जॉन्सन, क्लिंटन, आणि ट्रम्प दोनदा. सेनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. ती एकदाही मिळाली नाहीत. जॉन्सन १८६८ मध्ये एका मतानं वाचले. निक्सन त्याआधीच राजीनामा देऊन गेले.

मग अमेरिकेत सरकारवर वचक नाही का? आहे, भरपूर आहे, आणि इथे संसदीय पद्धतीच्या भक्तांनी जरा कान टवकारावेत. जुलै २०१७. ट्रम्प यांचा पक्ष सेनेटमध्ये बहुमतात. आधीच्या सरकारचा आरोग्यविमा कायदा मोडीत काढणारं विधेयक मतदानाला आलं. मध्यरात्र उलटून गेलेली. रिपब्लिकन पक्षाचे सेनेटर जॉन मॅकेन पुढे आले आणि त्यांनी अंगठा खाली केला. त्यांच्यासह त्याच पक्षाच्या तिघांनी विरोधात मत दिलं, विधेयक ४९ विरुद्ध ५१ असं पडलं. तिघांपैकी कोणाचंही सदस्यत्व गेलं नाही. अध्यक्षही आपल्या जागी राहिले. अध्यक्ष पडण्याची भीती नाही, म्हणून सदस्य आपल्या मनाप्रमाणे मत देऊ शकतो. ही त्या पद्धतीची खरी ताकद आहे.

आणि तीच तिची दुखरी जागाही. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९, असे ३५ दिवस अमेरिकी सरकारचा बराच भाग बंद पडला होता. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी अध्यक्षांना पैसे हवे होते, काँग्रेस देईना. सुमारे आठ लाख सरकारी कर्मचारी बिनपगारी. त्यांतले कित्येक कामावर येत होते आणि पगार मात्र नाही. टाकी की गटार, तोच वाद. आपल्याकडे अर्थसंकल्प लोकसभेत नामंजूर झाला तर त्याच दिवशी सरकार जातं. देशाचा गाडा अडून बसत नाही, गाडीवान बदलतो. तिथे गाडीवानही तोच राहतो आणि बैलही जागचे हलत नाहीत.

अमेरिका श्रीमंत आहे, संस्था जुन्या आहेत, तिला हे झेपतं. ज्यांना झेपलं नाही त्यांच्याकडे बघून युआन लिंझ या राज्यशास्त्रज्ञानं १९९० मध्ये अध्यक्षीय पद्धतीच्या धोक्यांवर एक गाजलेला लेख लिहिला. चिलीचं उदाहरण घेऊ. १९७० मध्ये साल्वादोर आयेंदे तिरंगी लढतीत ३६ टक्क्यांच्या आसपास मतांवर पहिले आले आणि अध्यक्ष झाले. मुदत सहा वर्षांची. काँग्रेसमध्ये बहुमत विरोधकांचं. संसदीय पद्धत असती तर एकतर आघाडी करावी लागली असती, नाहीतर सरकार पडून नव्या निवडणुका झाल्या असत्या. इथे दोन्ही वाटा बंद. मार्च १९७३च्या निवडणुकीत विरोधकांना बहुमत मिळालं, पण अध्यक्षांना हटवायला लागणारं दोन तृतीयांश मिळालं नाही. ऑगस्टमध्ये खालच्या सभागृहानं ८१ विरुद्ध ४७ मतांनी सरकारच्या निषेधाचा ठराव केला. त्या ठरावाला कायद्यानं काही वजन नव्हतं. तीन आठवड्यांत, ११ सप्टेंबर १९७३ला, लष्करानं बंड केलं. पिनोशेची राजवट १९९० पर्यंत चालली.

आता, चिलीचा सगळा दोष अध्यक्षीय पद्धतीच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. अमेरिकेचा हस्तक्षेप होता, महागाई आकाशाला भिडली होती. चेइबुब यांच्यासारखे अभ्यासक तर म्हणतात, की लॅटिन अमेरिकेत लोकशाह्या कोसळल्या त्याला लष्कराचा इतिहास कारणीभूत, शासनपद्धती नव्हे. असेलही. आम्हाला एवढंच दाखवायचं आहे, की विश्वास उडाला आहे, दोन्ही बाजू निवडून आलेल्या आहेत आणि मुदत संपायला तीन वर्षं बाकी आहेत, अशा वेळी कायदेशीर दरवाजा कुठला, याचं उत्तर त्या घटनेत नव्हतं.

शेजारची श्रीलंका आपल्याला जास्त जवळची. १९७८ मध्ये जे. आर. जयवर्धने यांनी तिथे कार्यकारी अध्यक्ष आणला. पंतप्रधान ठेवला, पण खरी सूत्रं अध्यक्षाकडे. २०१९ मध्ये गोताबाया राजपक्षे ५२ टक्क्यांहून अधिक मतं घेऊन निवडून आले. २०२२ मध्ये परकीय चलन संपलं, पेट्रोलसाठी मैलभर रांगा, औषधं मिळेनात. लोक रस्त्यावर. ९ मे रोजी पंतप्रधान महिंदा राजपक्षे, म्हणजे अध्यक्षांचे थोरले भाऊ, यांनी राजीनामा दिला. अध्यक्ष जाईनात. त्यांना हटवायचं तर संसदेत दोन तृतीयांश, मग सर्वोच्च न्यायालयाची चौकशी, मग पुन्हा दोन तृतीयांश. शेवटी ९ जुलैला जमाव अध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला. स्वयंपाकघरात, पोहण्याच्या तलावात शिरलेल्या लोकांची दृश्यं तुम्ही पाहिली असतील. १३ तारखेला अध्यक्ष देश सोडून गेले आणि राजीनामा १४ तारखेला सिंगापूरहून ई-मेलनं आला. जे काम एका मतदानानं व्हायला हवं होतं, ते भिंतीवरून उड्या मारून करावं लागलं.

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल, की आमचा कौल लागलाच. थांबा. आता स्वतःच्या घरात बघू.

१७ एप्रिल १९९९. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव : बाजूनं २६९, विरोधात २७०. एक मत. सरकार गेलं. पर्यायी सरकार कुणालाच बनवता आलं नाही. लोकसभा विसर्जित झाली, आणि मे महिन्यात कारगिल सुरू झालं. कारगिलचं युद्ध भारतानं काळजीवाहू सरकारच्या हाताखाली लढलं. १९९६, १९९८, १९९९ अशा तीन वर्षांच्या अंतरात तीन लोकसभा निवडणुका झाल्या. त्याआधी १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी मांडलेल्या अविश्वास प्रस्तावावर मतदान होण्यापूर्वीच मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला, आणि त्यांच्या जागी आलेले चरणसिंग पंतप्रधान म्हणून लोकसभेला एकदाही सामोरे गेले नाहीत. आंबेडकरांनी ज्या पारड्यात कमी पडेल म्हटलं होतं, ते पारडं हेच. त्याची किंमत आपण मोजली आहे.

पण या अस्थैर्यावर आपण जे औषध घेतलं, त्याची चर्चा फार कमी होते. १९६७ नंतर पक्षांतरांचा सुळसुळाट झाला. हरियाणाच्या गयालाल यांच्यावरून 'आयाराम गयाराम' हा शब्दच रूढ झाला. १९८५ मध्ये ५२वी घटनादुरुस्ती झाली, दहावं परिशिष्ट आलं. पक्षादेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध मत दिलं किंवा परवानगीशिवाय गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जाणार. कुठल्या मतदानात? सरकारच्या जीवनमरणाच्याच नव्हे, कुठल्याही. शेतीचं विधेयक असो, शिक्षणाचं असो, व्हिप निघाला की संपलं.

याचं महत्त्व कळायचं तर पुन्हा एकदा लंडनला चला. १५ जानेवारी २०१९. थेरेसा मे यांचा ब्रेक्झिटचा करार कॉमन्समध्ये ४३२ विरुद्ध २०२ असा पडला. त्यांच्याच पक्षाच्या ११८ खासदारांनी विरोधात मत दिलं. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षानं अविश्वास प्रस्ताव आणला. तेव्हा त्याच खासदारांनी सरकारला वाचवलं : ३२५ विरुद्ध ३०६. म्हणजे काय? तुमचं सरकार आम्हाला हवंय, पण हा करार नकोय. संसदीय पद्धतीत असं म्हणता यायलाच हवं, नाहीतर रोजची परीक्षा घेणार कोण? विरोधी पक्ष घेईल म्हणाल, तर त्याच्याकडे आकडे कधीच नसतात. परीक्षा मागच्या बाकांवरचे स्वपक्षीय घेतात. चेंबरलेनची त्यांनीच घेतली. २०२२ मध्ये लिझ ट्रस यांना ४९ दिवसांत घरी पाठवलं तेही त्यांच्याच पक्षानं. आपल्या कायद्यात ते ११८ जण खासदारकी गमावून बसले असते.

आता हिशेब मांडा. अमेरिकेचा सेनेटर अध्यक्षाच्या विधेयकाला पाडू शकतो. ब्रिटनचा खासदार पंतप्रधानाच्या विधेयकाला पाडू शकतो. भारतात सत्ताधारी पक्षाचा खासदार ना हे करू शकतो ना ते. स्पष्ट बहुमताचं सरकार असेल तर त्याला मुदत अमेरिकेच्या अध्यक्षासारखी पक्की, आणि समोरचं सभागृह मात्र अमेरिकी काँग्रेससारखं मोकळं नाही. नाव संसदीय, स्थैर्य अध्यक्षीय, आणि वचक दोन्हीकडचा नाही. हे कुठल्या एका पक्षाबद्दल बोलणं नाही. १९८५ पासून बहुमतात बसलेल्या प्रत्येक पक्षाला हे सोयीचंच पडलं आहे.

बरं, ज्या फोडाफोडीसाठी हे केलं ती थांबली का? एकटादुकटा थांबला. घाऊक व्यवहाराला वाट ठेवलेलीच होती. आधी एक तृतीयांश फुटले तर चालायचं. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीनं ते काढलं, पण दोन तृतीयांश विलीन झाले तर सूट राहिली. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर घडलं. एकाच पक्षाचे दोन गट, दोन प्रतोद, दोन व्हिप. खरा व्हिप कुणाचा? मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २९ जूनला, बहुमत चाचणीच्या आधीच राजीनामा दिला. सर्वोच्च न्यायालयानं ११ मे २०२३ रोजी सांगितलं, की प्रतोद नेमायचा अधिकार विधिमंडळातल्या गटाला नाही, राजकीय पक्षाला आहे. पण राजीनामा आधीच दिल्यामुळे जुनं सरकार परत आणता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे गेला, तो १० जानेवारी २०२४ला लागला, आणि दोन्ही गटांतलं कुणीच अपात्र ठरलं नाही. तुमची सहानुभूती कुठल्या गटाकडे आहे ते सोडून द्या. पक्षांतर रोखण्यासाठी केलेला कायदा, आणि दीड वर्षानंतर पक्षांतर झालं की नाही याचंच उत्तर वेगवेगळं.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. अध्यक्षीय पद्धतीनं हॉटेलांचे मुक्काम थांबतील, हे खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मोबदल्यात जो दरवाजा कायमचा बंद होईल, तो आपण गेली चाळीस वर्षं नीट उघडूनच बघितलेला नाही. आधी तो उघडून बघायला हवा. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीनं सुचवलं होतं, की अपात्रता फक्त विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती ठेवा, बाकी विधेयकांवर सदस्याला मोकळं सोडा. अशानं सरकार पडणार नाही, पण कच्चं विधेयक पडू शकेल. आणि अस्थैर्याची भीती असेल तर जर्मनीकडे बघा. तिथे नुसतं 'हा नको' म्हणून चॅन्सलरला काढता येत नाही, त्याच मतदानात 'हा हवा' असं दुसरं नाव निवडावं लागतं. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट श्मिट गेले आणि त्याच ठरावानं हेल्मुट कोल आले. मध्ये एक दिवसाचंही काळजीवाहू सरकार नाही. हा नियम असता तर एप्रिल १९९९ मध्ये त्या २७० जणांना आधी एका नावावर एकत्र यावं लागलं असतं, आणि ते आले नसते हे नंतरच्या आठवड्यात दिसलंच.

शेवटचा एक प्रश्न घेतो. समोरच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे : "संसद आहे तशी राहू द्या, फक्त पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री तेवढा थेट निवडायचा, असा मधला मार्ग नाही का?"

आहे, आणि इस्रायलनं तो चालून पाहिला. छोट्या पक्षांच्या ब्लॅकमेलला कंटाळून त्यांनी १९९२ मध्ये कायदा केला. १९९६ पासून मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका : एक पंतप्रधानासाठी, एक संसदेतल्या पक्षासाठी. कल्पना अशी, की थेट निवडलेला पंतप्रधान बळकट होईल. झालं उलटं. लोकांनी पंतप्रधान मोठ्या पक्षाचा निवडला, आणि दुसरं मत निर्धास्तपणे आपापल्या छोट्या पक्षाला दिलं. भावकी, शेजार, आळी! मजूर पक्ष आणि लिकुड या दोन मोठ्या पक्षांच्या मिळून १२० पैकी ७६ जागा १९९२ मध्ये होत्या. १९९९ मध्ये त्यांच्या आघाड्या धरूनही ४५ राहिल्या. थेट निवडून आलेल्या पंतप्रधानाला बहुमत जुळवायला पूर्वीपेक्षा जास्त पक्षांची मनधरणी करावी लागू लागली. २००१ मध्ये इस्रायलनं तो कायदा रद्द केला. पुढे सरकारं तिथे पडतच राहिली, ते वेगळं. पण थेट पंतप्रधान त्यांनी परत आणला नाही.

आपल्याकडे थेट सरपंच २०२२ पासून पुन्हा आहे. तुमच्यापैकी कुणाच्या गावात सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचं असेल, तर मागच्या वर्षभरात मासिक सभेत किती ठराव अडले आणि ते कसे सुटले, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या व्याख्यानात राज्यपाल आणि बहुमत चाचणी हा विषय आहे, तेव्हा ती माहिती घेऊन बसू.